शंभर मिली

खानापूरच्या अलीकडचं गाव. पाचवीचा वर्ग.
कौलांच्या कारखान्याची धूळ आमच्या फळ्यावरही बसते,
खडू टेकवला की बेरीज गुलाबी उमटते.

आजचं गणित:
डेअरीच्या कॅनमध्ये बारा लिटर पाचशे मिली दूध,
तीन लिटर सातशे पन्नास मिली विकलं.
उरलं किती?

रेणका उठते.
पाचशेतून सातशे पन्नास जात नाहीत,
म्हणून ती शेजारच्या लिटरच्या दारात जाते हातचा मागायला
आणि एक अख्खा लिटर देऊन शंभर घेऊन येते.
सहाशेतूनही जात नाहीत.
परत जाते. परत शंभर.
तिसऱ्या खेपेला आठशे होतात, जमतं एकदाचं.
सहा लिटर पन्नास मिली, ती म्हणते,
आणि खडू खाली ठेवते ऐटीत.

दोन लिटर सातशे मिली दूध
माझ्या फळ्यावर सांडलंय
आणि तिला पत्ता नाही.

पत्र्याच्या पलीकडे कन्नड शाळेची पाचवी.
तिथंही आज हाच धडा असावा,
एका सुरात येतं: ओंदु लीटरु, साविर मिली...
"ऐक," मी म्हणते, "साविर म्हणजे?"
"हजार," रेणका म्हणते. बाजारात रोज ऐकते की.
"मग तू शंभर का घेतलेस?"
ती पत्र्याकडे बघते,
जणू चूक तिकडून आली असती तर बरं झालं असतं.

मग आम्ही अंगणात जातो.
बादली, लिटरची कापलेली बाटली, खोकल्याच्या औषधाचं टोपण.
टोपणात दहा मिली. मोजा.
पस्तिसाव्या टोपणाला भरमू आकडा विसरतो,
तुळशीच्या रोपाला पाणी घालतो, पहिल्यापासून सुरू.
हजार किती मोठा असतो
हे पुस्तकापेक्षा मनगटाला आधी कळतं.

सातेरी कुंभार काही मोजत नाही.
तो बोलतही नाही फारसा; जूनपासून
हजेरीला 'हजर' एवढंच.
दुसऱ्या दिवशी पिशवीतून दोन बोळकी काढतो,
एक मातकट, एक तांबडं.
"एकाच मापाची हायत बाई. एकच चाक, एकच हात."
कच्च्यात पाणी ओतता येत नाही, विरघळेल,
म्हणून त्यानं घरून नाचणी आणलीय.
कच्चं काठोकाठ भरतो, बाटलीत रिकामं करतो: एक लिटर.
तीच नाचणी भाजलेल्यात ओततो.
काठावरून सांडते, बाकावर, फरशीवर,
चिमण्यांच्या आशेसारखी खिडकीपर्यंत.

सांडलेलं गोळा करून मोजतो आम्ही.
शंभर मिली.

"कुठं गेलं हे?" मी विचारते,
आणि वर्गात पहिल्यांदा मलाच उत्तर माहीत नसतं.
"आव्यानं पिलं," सातेरी म्हणतो.
"भाजलं की बारीकच होऊलालंय ते.
बाई, पुस्तकात लिटर कुठलं धरतात?
भाजायच्या आधीचं, का नंतरचं?"

पलीकडची पाचवी आता घनफल म्हणतेय.
आम्ही घनफळ म्हणतो.
एका ळ-नं फळ बदलत नाही, एवढं मला ठाऊक आहे,
पण सातेरीचा प्रश्न दोन्ही पुस्तकांत नाही.

"मग तुझी आई काय करते?"
"चाकावरच जरा मोठं काढते."
"जरा म्हणजे किती मिली?"
तो विचार करतो. दोन बोटं एकमेकांजवळ आणतो,
मधे उरलेली फट मला दाखवतो,
सगळ्या वर्गाला दाखवतो.

संध्याकाळी पाठ-टाचण लिहायला बसते.
उद्दिष्ट: लिटरचे मिलिलिटरमध्ये रूपांतर.
साधने: बादली, बाटली, टोपण, नाचणी, बोळकी दोन.
निष्पत्तीच्या रकान्यात
रेणकाचे हजार लिहिते, आता तिला ते नक्की येतात.
खाली थोडी जागा उरते.
तिथं पेन्सिलनं लिहिते, पर्यवेक्षकांना खोडता यावं असं:
लेकरं भाजून निघायची आहेत अजून.
चाकावर असतानाच
बोटभर जास्त धरावं.