शून्याचं टोक

माझं काम टेपचं शून्य धरायचं.
दुसरं टोक साहेबांच्या हातात,
आकडे वहीत, वही वाळपईच्या कचेरीत.
मी फक्त वाकायचं, आणि 'धरलं' म्हणायचं.

शिरंगुळ्याचा व्हाळ. एप्रिलची अठ्ठावीस.
पाणी म्हणजे धोतराच्या काठाएवढी पट्टी,
गोट्यांमधून वाट विचारत चाललेली.
कडेला केवड्याचं बेट, त्यात मुंगसाची ये-जा,
आणि वरच्या अंगाला चुन्याने आखलेले प्लॉट,
एक ते सोळा, प्रत्येकाच्या पोटात
एक चौकोन, पोहण्यासाठी.

व्हाळापासून पंचवीस मीटर काही बांधायचं नाही,
एवढाच नियम. एका ओळीचा.
पण व्हाळापासून म्हणजे कुठून,
ते त्या ओळीत नाही.

प्लॉटवाल्यांचा इंजिनियर, बूट न भिजवता,
पट्टीकडे बोट करून म्हणाला, इथून.
जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला त्याने.
"हे बघा, तुटक रेषा. हा व्हाळच नाही. हंगामी नाला."

तुटक रेषा मला ठाऊक आहे.
माझ्या आधीचा कुणी माझ्यासारखाच
भर उन्हाळ्यात आला असणार,
ओल दिसली तिथे पेन टेकवलं,
नाही दिसली तिथे उचललं.
त्याच्या तहानेचा हा नकाशा.

द्रुपती गांवस मिरच्यांच्या वाफ्यातून वर आली.
कमरेला कोयता, पाय कोपरापर्यंत चिखलाचे म्हणावेत असे.
आमच्याकडे पाहिलंही नाही.
करंजापाशी गेली, हात वर केला.
तिच्या डोक्याच्याही वीतभर वर
फांदीत अडकलेलं वाळकं गवत,
एक रबरी चप्पल,
कुणाच्यातरी माटोळीचं सुंभ,
सगळं एकाच बाजूला विंचरलेलं,
म्हादईच्या दिशेला.
"हांगामेरेन पावता तो," म्हणाली.
"आषाढांत येवन विचार ताका."
आणि परत मिरच्यांत.

साहेब माझ्याकडे बघत राहिले.
हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत,
टेप तेवढी सैल सोडली.
मी उठलो. गुडघे वाजले.
शून्य घेऊन करंजापर्यंत चाललो,
सोळा पावलं,
मुळावर टेकवलं
आणि म्हणालो, धरलं.

तिकडे तीन चौकोन रेषेच्या आत आले.
इंजिनियर हसला, फोन लावत लांब गेला.

पुढचं मला माहीत नाही. वही वर जाते,
आमच्यापर्यंत परत येत नाही.
पावसाआधी तिथे नव्याने चुना मारला म्हणतात.
रेषेच्या कुठल्या बाजूला, ते बघायला
मी गेलो नाही.

गेलो तो त्या दिवशी घरी.
घरामागे आमचा पाट, कुळागराचा,
त्याला लागून न्हाणी,
तिसऱ्या वर्षाखाली मीच बांधलेली.
साबणाचं पाणी सुटायला सोयीची म्हणून
तिथेच. नियम तेव्हाही होता.
बायको झोपल्यावर टेप काढली.
दुसरं टोक धरायला कुणी नाही, म्हणून एक दगड घेतला.
आता शून्य कुठे?
पाटातलं पाणी तर घोट्याएवढं.
बॅटरी घेऊन गेल्या पुराची खूण शोधत निघालो.
माडाच्या बुंध्यावर नव्हती, धुण्याच्या दगडावर नव्हती.
न्हाणीच्या भिंतीवर होती.
मातकट रेघ, सरळ, माझ्या हाताने कधी
इतकी सरळ आली नाही,
टॉवेलच्या खिळ्याखाली चार बोटं.

टेप उलगडावी लागलीच नाही.

खिळ्यावर टॉवेल वाळत होता.
आत बादलीत सकाळचं साबणाचं पाणी उरलेलं,
मोरीत ओतायला वाकलो,
तसाच थांबलो,
मग उचलून लांबच्या माडाला घातलं.