सोबत श्रीमती

पाच वर्षं पेपरात तिचं नाव नव्हतं.
‘राष्ट्रपती, सोबत श्रीमती.’
देवबागात आम्ही ती चित्रं कापून ठेवायचो:
त्यांच्या कोपराला चिकटलेली अर्धीमुर्धी चंपू,
शाळेत जिने माझी पाटी फोडली होती
आणि वर मलाच समजूत घालून
गुरुजींसमोर माफी मागायला लावली होती.

ते गेले. सरकारने विचारलं,
बंगला हवा, की रस्त्याला नाव?
म्हणाली, काम द्या.

कुठल्याशा बेटांच्या देशात राजदूत झाली.
लोक म्हणाले, विधवेची सोय लावली.
दोन वर्षांनी एकच पत्र, स्वतःच्या अक्षरात:
“इथे दोघे शेजारी एका खडकासाठी भांडतात.
भरतीला तो दिसतसुद्धा नाही.
मी दोघांना ओहोटीपर्यंत बसवून ठेवलं,
बांगड्याचं तिखलं वाढलं.
एकाला ठसका लागला, दुसऱ्याने पाणी दिलं.
तेवढंच इतिवृत्तात घालता आलं नाही.
आमसुलं संपलीत. धाड.”

धाडली दोन किलो.
कस्टमवाल्यांनी एक ठेवून घेतलं.

आता कर्लीच्या काठी
चिखलात पाय सोडून बसते.
परवा मालवणात, बँकेच्या फॉर्मवर
‘पतीचा हुद्दा’ असा रकाना होता,
तिथे आडवी रेघ मारून आली.

“काय गो, त्या खडकाचा काय झाला?”
मी विचारलं.
तिसऱ्या धुता धुता,
वर न बघता म्हणाली,
“भांडतत अजून.
पन आता जेवन-खावन.”