चाळीस मिलिग्रॅम

काथा बाजारात एका जिन्याखाली
माझं दुकान. रुंदी साडेचार फूट.
तराजू दुरुस्त करतो,
वजनांच्या पोटात शिसं भरतो, खरवडून काढतो.
शिक्का सरकारचा, घाम माझा.

परवा दुपारी निताई आला.
झवेरी बाजारात माळ्यावर बसून
फुंकणीनं टाके लावतो तो. गाव घाटाल, मराठी निम्मी.
टॉवेलात गुंडाळलेला इलेक्ट्रॉनिक काटा
तापलेल्या पोरासारखा उराशी धरलेला.
“तांबटभाऊ, सेठ मला चोर बोलतो.”

दिल्लीच्या पेढीवरून सोनं आलं, ऐंशी ग्रॅम,
सोबत तिथलाच काटा, नवाकोरा.
इथे उघडून ठेवलं तर चाळीस मिलिग्रॅम कमी.
गुंजेचा तिसरा हिस्सा.
त्यानं अजून कानससुद्धा लावली नव्हती.

मी काही बोललो नाही.
शंभरचं पितळी वजन काढलं
चिमट्यानं, बोटाचा ओशटपणा लागू न देता,
आणि त्याच काट्यावर ठेवलं.
नव्याण्णव पूर्णांक पंचाण्णव.
“आता सांग, ह्यानं काय चोरलं?”

मग चहा मागवला आणि त्याला पृथ्वी सांगितली.
म्हटलं, ती चेंडूसारखी नाही,
मोसंब्यासारखी आहे, कमरेत जाड.
मुंबई दिल्लीपेक्षा त्या कमरेच्या जवळ,
म्हणजे मधल्या गाभ्यापासून जरा लांब,
त्यात गरगरण्याचा वेगही इथे जास्त,
म्हणून इथली ओढ किंचित सैल.
सोनं तेवढंच आहे रे,
एक कणही कुठे गेलेला नाही.
हा काटा सोनं मोजतच नाही, ओढ मोजतो,
आणि ओढ म्हणजे काय
हे त्याला दिल्लीत शिकवलंय.

(जुना दांडीचा तराजू असा फसत नाही.
दोन्ही पारडी एकाच ओढीत,
सैल झाली तर दोघांनाही सैल.
चंद्रावर नेलात तरी किलोला किलोच म्हणेल.
पण तो आता कोण घेतो.)

“ओढतं फक्त जमीनच?”
सगळंच ओढतं. हा ग्लास, हे बाकडं, तू, मी.
ज्याच्यात जेवढा ऐवज, तेवढी त्याची ओढ.
अंतर दुप्पट केलंस तर ती चौथाई,
तिप्पट केलंस तर नववा हिस्सा.
जमीन अवाढव्य, म्हणून तिची कळते.
तुझी-माझी, मध्ये दोन फूट,
ह्या टेबलावरची धूळसुद्धा हलवत नाही.
“पण आहे?”
आहे.
“आणि घाटालएवढं लांब असलं तर?”
घटते. फार घटते.
शून्य मात्र होत नाही,
त्या हिशोबात तशी सोयच नाही.

तो ग्लासाच्या काठावरून नख फिरवत बसला.
बाहेर हमाल हळदीची पोती उतरवत होते,
एकेक धप्प,
पन्नास किलोंना कुणी शिकवावं लागत नाही.
मग म्हणाला,
“मी गावाहून इथे आलो, तर माझंपण वजन...?”
पावतीच्या मागे पेन्सिलीनं आकडे मांडले.
पंचावन्न किलोंवर दहाएक ग्रॅम कमी.
तेव्हा पहिल्यांदा हसला.
“तेवढा घरी ठेवून आलोय.”

काटा मुंबईच्या ओढीवर बसवून दिला.
पावतीवर लिहिलं: दोष काट्याचा, कारागिराचा नाही.
कारण म्हणून पृथ्वी लिहिणार होतो,
पण सेठनं पावती परत पाठवली असती.

रात्री फळी लावताना
शंभरचं वजन मखमलीत परत ठेवलं.
शेजारी पन्नास, वीस, वीस, दहा,
आपापल्या खळग्यात,
एकमेकांना ओढत,
जागचे न हलता.