ग्वाल्हेरहून, रजेचा अर्ज

मा. महोदय,
विनंतीपूर्वक अर्ज करते की,
इथपर्यंत सकाळी नऊला लिहिलं.
मग हात रजईत घेतला, तो दुपारीच बाहेर आला.

लग्नाला आले होते, तीन दिवसांच्या किरकोळ रजेवर.
चौथा दिवस तुम्ही कापलात, लेखापरीक्षण तोंडावर म्हणून.
आणि ताप आला तो नेमका चौथ्या दिवशी,
परतीचं तिकीट उशाखाली असताना.
गाडी धुक्यामुळे सहा तास उशिरा,
मी त्याहून.
मलाच हे रचलेलं वाटतं,
तुम्हाला का वाटू नये?

अकरा वर्षं आस्थापनेच्या टेबलावर
असलेच अर्ज माझ्याकडे आले.
समासात पेन्सिलीने लिहायचे मी:
गावी गेल्यावरच बरा आजार गाठतो?
मुल्लाणीचा कागद आठवतो.
विजापूरला, बहिणीकडे, कावीळ.
डॉक्टरचा शिक्का पुसट होता.
मी तो कागद उजेडाला धरला, पाचशेच्या नोटेसारखा.
नऊ दिवस विनावेतन.
तो काही बोलला नाही.
चहा ठेवला रोजच्या जागी, फाइलींना डाग न पडेल असा.
डोळे अजून पिवळट होते त्याचे,
आणि मी स्वतःला सांगितलं,
ट्यूबलाइटचा उजेड आहे.

जिच्या घरी पडले आहे ती शालन दिघे,
माझ्या नणंदेची जाऊ.
मागच्या आठवड्यापर्यंत तोंडओळख नव्हती,
आता तिला माझ्या उलटीचा रंग ठाऊक आहे.
दौलतगंजात दोन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर न वाळणारे कपडे.
"थोडी खिचडी खाऊन घ्या हो,
अशा उपाशी कशा बऱ्या होऊन जाल?"
तिची मराठी दुसऱ्याच पाण्यात भिजलेली.
तापात ती मला जास्त कळते.
पायाशी गरम पाण्याची बाटली,
तिच्या नवऱ्याच्या मोज्यात घातलेली.

"ही खिडकी उघडली नं, की समोर किल्ला."
उघडते. धुकं.
काल धुकं, परवाही.
मी मान हलवते. असेलच.
एवढ्या मोठ्या गोष्टीबद्दल
कोण कशाला खोटं बोलेल?

डॉक्टर कुलश्रेष्ठ जिना चढून आले, मफलर न सोडता.
जीभ पाहिली, पोट दाबलं,
रक्त घेतलं एका बारक्या नळीत.
मग पॅड काढून सहज विचारलं,
"कितने दिन का बना दूँ? दस?"
चहात साखर किती, तसं.
मी म्हटलं, जितके लागतील तितकेच.
ते हसले. "बुखार हमसे पूछकर थोड़े ही उतरेगा."
शिक्का पुसट उठला.
मी म्हटलं, परत मारा.
त्यांनी शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली
आणि पहिल्यावरच दुसरा मारला, जरा तिरका.
आता तो इतका खोटा दिसतो
की मी टेबलावर असते तर
चहा थंड होईपर्यंत पाहत बसले असते.

संध्याकाळी ऑफिसला फोन लावला.
साहेब मीटिंगमध्ये. उचलला मुल्लाणीने.
मी घाईघाईत सगळं सांगत सुटले,
ताप, डॉक्टर, तारीख, शिक्का, दुसरा शिक्का,
जणू तोच मंजूर करणार होता.
त्याने ऐकून घेतलं.
मागे कुणीतरी पंचिंग मशीन दाबत होतं.
मग म्हणाला,
"मॅडम, पाणी उकळून प्या.
आणि डोळे बघितले का आरशात?"

फोन ठेवला.
शालनकडे आरसा मागितला.
तिने कपाटाच्या दारातला कंगव्याशेजारचा काढून आणला,
दुसरा हात बटणाकडे गेला तिचा.

ट्यूबलाइट नको, म्हटलं.
खिडकीशी धर,
आहे तेवढ्या उजेडात.