हललेला फोटो

ओस्लाच्या फ्रीजवर, चुंबकाखाली एकच फोटो:
करडं पाणी, शेवाळलेला खडक,
आणि मधोमध एक तपकिरी फराटा.
"ही द्रात्सी," ती सांगते.
शेटलंडात पाणमांजराला जुनी माणसं हेच म्हणतात.

तेवीस वर्षं ती कारखान्यात हेरिंग साफ करायची.
खिडकी याच खाडीवर उघडणारी,
पण काचेवर कायम वाफ.

आता गुडघ्यांखाली पोत्याची घडी घालून बसते.
वारा तोंडावर घेते; पाठीवर घेतला
तर बातमी आधीच पोचते.
ओहोटी लागली की खेकडे, खेकड्यांमागे द्रात्सी.
वेळ कधी चुकत नाही.
फेरीबोटीची चुकते. ती मीच चालवतो.

परवा तिच्यासोबत गेलो. दोन तास
काहीच नाही. एक सील, तोही पाठमोरा.
पाय बधिर झाले. मी थर्मासचं झाकण फिरवलं
आणि तेवढ्यात

ती वर आली. दहा हातांवर.
तोंडात खेकडा, मागे पिल्लू.
कवच फुटल्याचा कडाड आवाज
वाऱ्यातूनही नीट ऐकू आला.

ओस्लाचा कॅमेरा मांडीवरच.
"अगं, काढ ना!" मी कुजबुजलो.
तिनं ओठांवर बोट ठेवलं,
सुरीनं टोक गेलेलं, डाव्या हाताचं.

चढावर मी विचारलं, का नाही काढलास?
"बटणाचा आवाज होतो. पिल्लू अजून
फोडायला शिकतंय."
थोडं चालून, मागे न बघता:
"पुढच्या वेळी थर्मास नको."