पाणमांजर

काउन्सिलचं खोकं आलं मंगळवारी.
आत राखाडी फोमच्या नळ्या,
चमच्याच्या दांड्यावर चढवायच्या;
झाकणं उघडायचं रबर, मोजे ओढायची आकडी,
आणि संडासावर ठेवायची उंच पांढरी बैठक.
सगळ्याचा रंग एकच,
म्हणजे रंगच नाही असा.
बरोबर एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र,
गोड होती बोलायला. म्हणाली, होईल सवय.

एकतीस वर्षं मी शाळेत स्वयंपाक केला,
दोनशे पोरांचं काउल ढवळलं या हातांनी,
मटण, बटाटे, वर कांद्याची पात.
आता बोटं समुद्राकाठच्या झुडपांसारखी
एकाच बाजूला कललेली.
दुखण्याची सवय झाली आहे मला.
राखाडीची नाही होणार.

पुलापलीकडे गेथिन राहतो.
उन्हाळ्यात तैवी नदीसाठी टोपलीसारख्या होड्या विणतो,
हिवाळ्यात चमचे कोरतो.
आमच्या वेल्समध्ये पूर्वी पोरगा पोरीला
लाकडी चमचा कोरून द्यायचा, लग्नाचं विचारण्याआधी.
आता पर्यटक नेतात, भिंतीला टांगतात.

त्याला म्हटलं, मलाही एक कर.
कान लाल झाले त्याचे. बासष्ट वर्षांचा बाप्या.
म्हटलं, अरे वेड्या, जेवायला!

तीन आठवड्यांनी घेऊन आला.
दांड्यात साखळी, अखंड लाकडातून सोडवलेली,
पिंजऱ्यात दोन गोळे, वर बदाम, खाली किल्ली.
डोळ्यांचं पारणं फिटलं.
हातात धरला, आणि बदामाचं टोक
नेमकं त्या सांध्यात रुतलं
जो मला रात्री झोपू देत नाही.
डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, आवडला.
मी वाटू दिलं. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी त्याला टेबलाशी बसवलं,
काउल वाढलं, आणि त्याच्यासमोर जेवले.
जेवले म्हणजे, सांडलं.
तो काही बोलला नाही.
माझा हात उलटा करून बघत राहिला,
लाकडाच्या रेषा बघतात तसा.

दुसऱ्या दिवशी खिशात खिडकीच्या काचेची लांबी,
मऊ मळलेली, मुठीएवढी.
म्हणाला, धर. धरवतं तसं धर.
त्या गोळ्यावर माझी मूठ उमटली:
खड्डे, फुगवटे, अंगठ्याची वाकडी गल्ली,
सगळं वेडंविद्रं.
त्याने ते उजेडात फिरवलं.
"एलुनेड, हे तर पाणमांजर."

सिकामोरचा आहे. रश्शाला चव न लावणारं लाकूड.
जाड पाठ तळव्यात मावते,
शेपूट करंगळीखालून वळून वर येते,
करंगळी घसरलीच तर अडवते.
मान डावीकडे वळलेली,
त्यामुळे घास आपसूक तोंडाशी येतो.
मिशा कोरल्यात, पण जिथे बोट पोचत नाही तिथे.

नणंद आली कार्डिफहून. म्हणाली, अगं केवढा सुरेख,
खरकटा कशाला करतेस, भिंतीवर लाव.
म्हटलं, भिंतीवर आहे ना तो बदामाचा.
भिंतीला कुठे सांधे दुखतात.

फोमच्या नळ्या गेथिनने नेल्या वल्ह्यासाठी.
ती बैठक मात्र तशीच, पांढरी, दवाखान्यासारखी.
परवा तो दारातून डोकावून
बराच वेळ तिच्याकडे बघत उभा होता,
कानामागे पेन्सिल.
म्हटलं, गेथिन,
बदाम नकोत हं.