वायर

मिंडेलोच्या धक्क्यावर दुपारी चारला वारा इतका
की माइकांना मोजे चढवावे लागतात.
लोकांकडे तोंड केलेले मोठे भोंगे फ्लोरिंदोचे.
माझं टेबल बाजूला, पडद्याआड;
मी जे मिसळते ते श्रोत्यांना कधीच ऐकू येत नाही.

यंदा पायाशी ठेवायचे स्पीकर गेले,
सगळ्यांना कानातले आले, डाव्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं.
झेनायदा म्हणाली, माझा आवाज कपाळाच्या मध्यावर ठेव,
बाकीचे जिथे उभे आहेत तिथेच दिसू देत.
दिसू देत, म्हणाली.
ओदाइरला बास हवा होता. अजून. अजून थोडा.
मी फेडरवर नुसतं बोट ठेवलं, त्याने अंगठा दाखवला.

मग न्यो आर्मिंदो, वय एकाहत्तर.
"गिटार नाही."
वाढवली.
"नाही."
त्यांचं मिश्रण माझ्या कानात घेतलं:
गिटार डाव्या कानशिलात खिळ्यासारखी.
सेल बदलले. वायर बदलली.
कुणी बघत नाही असं बघून
त्यांनी कानातले उलटे घातले, डाव्याचं उजव्यात.
"आली."
आणि जरा थांबून,
"आता कावाकिन्यू गेला."

व्हायोलिन टेकतं त्या बाजूचा कान.
पन्नास वर्षं त्याच्याच तोंडाशी वाजवलं,
आणि तो कधी मिटला
ते या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.
उजवा खांदा पुढे काढून तिरकं उभं राहायचे,
आम्हाला वाटायचं, ढब आहे.
गावातली पोरं व्हायोलिन शिकतात
ती आधी तसं उभं राहायला शिकतात.

माझ्या टेबलावर एक छोटं बटण आहे,
दोन्ही बाजू एक करणारं.
दाबलं.
त्यांनी डोळे मिटले, बो तारेवर ठेवला,
एक लांब सूर ओढला, माझ्याकडे बघितलं नाही.

"काय झालं होतं?" झेनायदाने विचारलं.
"वायर," म्हटलं.

रात्री सांतु आंतांवची शेवटची बोट लागली तेव्हा
ते वाजवत होते, सरळ उभे राहून.
पुढच्या रांगेतल्या एका पोराने
आपलाही खांदा सरळ करून पाहिला,
काही जमेना,
पुन्हा तिरका झाला.